जात, लिंग आणि गाव-शहर एकत्र कसे मोजायचे? विषमतेवर आकड्यांतून संशोधन करणाऱ्यांसाठी

सामाजिक शास्त्रांतल्या प्रबंधांच्या चौथ्या प्रकरणाची एक ठरलेली मांडणी असते. आधी जातीनिहाय तक्ता, मग लिंगनिहाय, मग ग्रामीण-शहरी, आणि प्रत्येक तक्त्याखाली काय-वर्ग चाचणीचा निकाल. तिन्ही तक्ते आपापल्या जागी बरोबर असतात. पण खेड्यातल्या दलित बाईला पगारी नोकरी मिळते का, हे शोधायला गेलात तर ती एकाही तक्त्यात सापडत नाही. पहिल्यात ती दलित पुरुषांत मिसळलेली असते, दुसऱ्यात सवर्ण बायकांत, आणि तिसऱ्यात अख्ख्या गावात.

अमेरिकेत 1976 साली याच तऱ्हेचा हिशेब कोर्टात उभा राहिला. जनरल मोटर्सने 1964 पूर्वी कृष्णवर्णीय बायकांना कामावर घेतलेच नव्हते. पुढे मंदी आली आणि ‘जो शेवटी लागला तो आधी जाईल’ या नियमाने 1970 नंतर लागलेल्या सगळ्या कृष्णवर्णीय बायकांची नोकरी गेली. कंपनीने बायका घेतल्या होत्या, पण त्या गोऱ्या होत्या. कृष्णवर्णीय घेतले होते, पण ते पुरुष होते. वंश आणि लिंग एकत्र करून वेगळा दावा करता येणार नाही, असे कोर्टाने म्हटले. किंबर्ले क्रेनशॉ या कायद्याच्या अभ्यासक महिलेने 1989 मध्ये हाच खटला समोर ठेवून आंतरछेदी विषमतेची संकल्पना मांडली. आपल्याकडे मुक्ता साळवे या शाळकरी मुलीने 1855 मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये लिहिताना मांग-महार बायकांच्या बाळंतपणाचे हाल सांगितले होते. तिने बोट ठेवले ते जात आणि बाईपण एकत्र येतात त्या जागेवरच.

ती जागा आकड्यांत पकडायची असेल तर शेवटी मॉडेलमध्ये एक पद वाढवून भागत नाही. प्रश्न लिहिताना, गट पाडताना, नमुना ठरवताना आणि निष्कर्ष मांडताना, प्रत्येक पायरीवर तिचा विचार आधी करावा लागतो. समजायला सोपे जावे म्हणून मी एकच उदाहरण शेवटपर्यंत नेणार आहे: महाराष्ट्रात नियमित पगाराची नोकरी कोणाला मिळते?

प्रश्न आधी एका वाक्यात लिहा

‘महाराष्ट्रातील रोजगार आणि सामाजिक विषमता: एक अभ्यास’ हा सिनॉप्सिसचा मथळा झाला. प्रश्न असा हवा: 25 ते 59 वयोगटात नियमित पगारी काम असण्याचे प्रमाण जात, लिंग आणि गाव-शहर यांच्या प्रत्येक मिलाफात किती आहे, आणि जातीमुळे पडणारी दरी बायकांमध्ये पुरुषांइतकीच आहे, जास्त आहे की कमी? या वाक्यात लोकसंख्या ठरली, मोजायची गोष्ट ठरली, गट ठरले आणि तुलना कोणती करायची तेही ठरले. आरएसीसमोर, म्हणजे विद्यापीठाच्या संशोधन सल्लागार समितीसमोर, जाण्याआधी हे वाक्य जमले नसेल तर डेटा उघडू नका.

मोजायची गोष्ट निवडताना घाई नको. 15 वर्षांवरील स्त्रियांचा श्रमबल सहभाग देशात 2017-18 मध्ये 23.3 टक्के होता, तो 2023-24 मध्ये 41.7 टक्के झाला. वाढ मोठी आहे, पण तिच्यात स्वयंरोजगाराचा वाटा फार मोठा आहे, आणि त्यात घरच्या शेतीत किंवा दुकानात विनावेतन राबणाऱ्या बायकाही मोजल्या जातात. ‘काम करते/करत नाही’ एवढेच मोजले तर घरच्या शेतात खुरपणारी बाई आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतली शिक्षिका एकाच रकान्यात येतात. विषमतेच्या अभ्यासाला हे चालणार नाही. म्हणूनच आपल्या उदाहरणात मी नियमित पगारी काम घेतले आहे.

गट पाडणे: इथे महाराष्ट्र कळायला हवा

राष्ट्रीय सर्वेक्षणांत सामाजिक गट चारच असतात: अनुसूचित जमाती, अनुसूचित जाती, ओबीसी आणि इतर. हे चार कप्पे तसेच उचलले तर महाराष्ट्रातल्या बऱ्याच गोष्टी त्यांत बुडून जातात.

पहिली गोष्ट बौद्धांची. 2011 च्या जनगणनेत देशात सुमारे 84 लाख बौद्ध होते आणि त्यातले 65 लाखांहून अधिक एकट्या महाराष्ट्रात. 1990 च्या दुरुस्तीनंतर मूळच्या अनुसूचित जातींतल्या बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला, त्यामुळे सर्वेक्षणात बहुतेक जण त्याच कप्प्यात येतात. पण 1956 नंतरचा शिक्षणाचा आणि चळवळीचा इतिहास ज्या समाजाला आहे त्याची नोकरीची स्थिती आणि मातंग किंवा चर्मकार समाजाची स्थिती एकच असेल, असे गृहीत धरायला काही आधार नाही. धर्माचा कोड सामाजिक गटाशी जोडून ‘अनुसूचित जाती, बौद्ध’ आणि ‘अनुसूचित जाती, अन्य’ असे दोन गट करा. काही बौद्धांनी गट दुसरा सांगितलेला असू शकतो. त्यांना कुठे धरायचे याचा नियम आधी लिहून ठेवा आणि प्रबंधात छापा.

दुसरी गोष्ट विमुक्त-भटक्यांची. राज्याच्या यादीत बंजारा विजा-अ मध्ये, धनगर भज-क मध्ये आणि वंजारी भज-ड मध्ये आहेत. केंद्राच्या यादीत हे तिन्ही समाज ओबीसी आहेत. म्हणजे ऊसतोडीला दरवर्षी घर सोडणारे बंजारा कुटुंब आणि बागायती शेती असलेले कुणबी कुटुंब राष्ट्रीय डेटात एकाच नावाखाली बसतात. दुय्यम डेटातून हे वेगळे काढता येत नाहीत. ही मर्यादा प्रबंधात स्पष्ट लिहावी, आणि विमुक्त-भटके हाच तुमचा विषय असेल तर स्वतःचे सर्वेक्षण करण्यावाचून इलाज नाही.

तिसरी गोष्ट ‘इतर’ची. अनेक प्रबंधांत ‘इतर’चे भाषांतर सरळ ‘सवर्ण’ असे केलेले दिसते. या कप्प्यात ब्राह्मण आहेत, मराठा आहेत, जैन आहेत आणि ओबीसी नसलेले मुस्लिमही आहेत. मुस्लिमांना निदान वेगळे काढा. सच्चर समितीने 2006 च्या अहवालात हिंदू आणि मुस्लिमांमधले ओबीसी व बिगर-ओबीसी असे वेगवेगळे तक्ते दिले होते, तो पायंडा तुमच्यापुढे आहे.

आता गुणाकार करा. अनुसूचित जमाती, अनुसूचित जाती-बौद्ध, अनुसूचित जाती-अन्य, हिंदू ओबीसी, हिंदू इतर, मुस्लिम असे 6 गट धरले, तर गुणिले 2 लिंगे, गुणिले गाव-शहर मिळून 24 कप्पे होतात. या गटांत न बसणारे थोडे जण उरतील, त्यांचेही काय केले ते लिहा. आणखी एक विभागणी वाढवली की कप्पे दुप्पट होतात आणि प्रत्येक कप्प्यातली माणसे साधारण निम्मी. सगळेच महत्त्वाचे वाटते हे खरे, पण तुमच्या प्रश्नाला जे लागते तेवढेच घ्या.

डेटा कुठून घ्यायचा

आपल्या उदाहरणासाठी आवर्ती श्रमबल सर्वेक्षण, म्हणजे पीएलएफएस. केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाच्या मायक्रोडेटा पोर्टलवर नाव नोंदवले की तो मोफत मिळतो. 2017 पासून हे सर्वेक्षण सुरू आहे. 2024 पर्यंतच्या रचनेत दरवर्षी साधारण 1 लाख घरे आणि 4 लाखांहून अधिक माणसे असत. महाराष्ट्राचा राज्य कोड 27, गोव्याचा 30. नियमित पगारी कामाचा कोड 31. घरकाम करणाऱ्यांचा 92, आणि घरकामासोबत सरपण-चारा आणणे यांसारखी कामे करणाऱ्यांचा 93.

आरोग्य, बालविवाह, पोषण असा विषय असेल तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण घ्या. मुंबईतल्या देवनारची आयआयपीएस ही संस्था ते करते. 2019-21 च्या पाचव्या फेरीत 6 लाख 36 हजारांहून अधिक घरे आणि 7 लाख 24 हजार बायका होत्या, पण पुरुष सुमारे 1 लाखच. बाई-पुरुष तुलना करायची असेल तर ही तफावत आधी लक्षात घ्या.

पीएलएफएसमध्ये नवखे संशोधक हमखास दोन ठिकाणी अडकतात. 2024 पर्यंतच्या रचनेत शहरी भागात तेच घर पुन्हा पुन्हा भेटीत येत असे आणि त्या पुनर्भेटींची फाइल वेगळी असते. दोन्ही फाइली एकमेकींना जोडल्या तर शहरातली माणसे अनेकदा मोजली जातात. आपल्याला फक्त पहिल्या भेटीची फाइल हवी. दुसरे म्हणजे 2025 पासून सर्वेक्षणाची रचना बदलली आहे. जिल्हा हा मूळ स्तर झाला आहे आणि नमुना मोठा झाला आहे. जुनी आणि नवी वर्षे सरळ एकाखाली एक लावू नका.

कप्पे लहान पडत असतील तर जुन्या रचनेतली दोन-तीन वर्षे एकत्र करता येतात. तेव्हा वेटला, म्हणजे एक माणूस किती जणांच्या वतीने मोजायचा त्या आकड्याला, वर्षांच्या संख्येने भागायचे. कोविडचे वर्ष त्यात घ्यायचे की नाही, याचा निर्णय कारणासह लिहा.

वेट आणि नमुन्याची रचना

सर्वेक्षणातला प्रत्येक माणूस सारख्याच लोकांचे प्रतिनिधित्व करत नाही, म्हणून फाइलमध्ये मल्टिप्लायरचा रकाना असतो. तो कच्चा वापरायचा नसतो. एनएसएस आणि एनएससी या दोन रकान्यांतले आकडे सारखे असतील तर मल्टिप्लायरला 100 ने भागतात, वेगळे असतील तर 200 ने, आणि वार्षिक आकड्यासाठी पुन्हा तिमाह्यांच्या संख्येने. तुम्ही घेतलेल्या वर्षाच्या डेटासोबत मिळणारी सूचना-फाइल वाचूनच हे करा, कारण रकान्यांची नावे आणि मांडणी बदलत राहते.

वेट लावल्यावर पहिले काम म्हणजे छापील अहवालातला एखादा आकडा स्वतः काढून पाहणे. महाराष्ट्रातील ग्रामीण स्त्रियांचा श्रमबल सहभाग काढा आणि अहवालाशी ताडा. दशांशापर्यंत जुळला तरच पुढे जा. जुळला नाही तर चूक बहुतेक वेटमध्ये, वयाच्या मर्यादेत किंवा मुख्य व दुय्यम स्थिती एकत्र करण्यात असते. (लोकसंख्येची एकूण बेरीज ताडत बसू नका. सर्वेक्षणातून निघणारी एकूण लोकसंख्या प्रत्यक्षापेक्षा कमी भरते. प्रमाणे ताडा.)

वेटने टक्केवारी बरोबर येते, पण प्रमाण त्रुटी बरोबर यायला नमुन्याची रचनाही सांगावी लागते. एकाच गावातली किंवा वॉर्डातली घरे एकमेकांसारखी असतात. म्हणून पहिल्या टप्प्याचे नमुना एकक आणि स्तर हे दोन्ही सॉफ्टवेअरला द्या. आरमध्ये सर्व्हे पॅकेज आहे, स्टाटामध्ये एसव्हीवाय आदेश आहेत. फक्त बायका किंवा फक्त 25 ते 59 वय हवे असेल तर आधी पूर्ण डेटावर रचना ठरवा आणि मग उपगट घ्या. आधीच ओळी उडवल्या तर काही एकके नाहीशी होतात आणि त्रुटी चुकीची निघते.

पहिला तक्ता: कप्प्यात माणसे किती?

मॉडेलच्या आधी हा तक्ता करा, आणि तो परिशिष्टात न ढकलता मुख्य प्रकरणात छापा. 24 ओळी आणि प्रत्येक ओळीत तीन गोष्टी: वेट न लावता त्या कप्प्यात प्रत्यक्ष माणसे किती, वेट लावून पगारी नोकरीचे प्रमाण किती, आणि 95 टक्के विश्वासांतर काय, म्हणजे नमुन्यातल्या चुकीचा हिशेब धरून आकडा कुठून कुठपर्यंत असू शकतो.

साध्या यादृच्छिक नमुन्यात प्रमाण 50 टक्क्यांच्या आसपास असेल तर 30 माणसांच्या कप्प्यात विश्वासांतर दोन्ही बाजूंना सुमारे 18 अंकांचे असते. 100 माणसांत 10 अंकांचे, 400 माणसांत 5 अंकांचे. गुच्छ नमुन्यात ते आणखी रुंदावते. शहरी आदिवासी बाईच्या कप्प्यात 40 जणीच असतील तर त्या आकड्यावर परिच्छेद लिहिण्याआधी थांबा. कप्पा गाळूही नका, आकडा अंतरासह दाखवा. लहान गटांना ‘इतर’मध्ये ढकलून तक्ता सुटसुटीत करण्याचा मोह होतो. पण ज्यांना शोधायला निघालो तेच त्यात पुन्हा नाहीसे होतात.

दरी कोणत्या मोजपट्टीवर?

हा भाग सावकाश वाचा. बहुतेक प्रबंध इथेच घसरतात, आणि बहुतेक व्हायवांत इथे प्रश्न विचारलाच जात नाही.

समजण्यासाठी काल्पनिक आकडे घेऊ. समजा पगारी नोकरीचे प्रमाण सवर्ण पुरुषांत 40 टक्के, दलित पुरुषांत 30, सवर्ण बायकांत 16 आणि दलित बायकांत 8 आहे.

वजाबाकी करा. पुरुषांमध्ये जातीची दरी 10 अंकांची, बायकांमध्ये 8 अंकांची. म्हणजे बायकांमध्ये जातीची दरी कमी. दुसऱ्या वाटेने तपासा: जातीचे 10 आणि लिंगाचे 24 असे दोन्ही तोटे 40 मधून वजा केले तर 6 उरतात, प्रत्यक्षात 8 आहेत. म्हणजे दलित बाईचा तोटा दोन्ही तोट्यांच्या बेरजेपेक्षा थोडा कमीच निघाला.

आता भागाकार करा. पुरुषांमध्ये 30 भागिले 40 म्हणजे 0.75. बायकांमध्ये 8 भागिले 16 म्हणजे 0.50. दलित पुरुषाची संधी सवर्ण पुरुषाच्या तीन चतुर्थांश, दलित बाईची सवर्ण बाईच्या निम्मी. म्हणजे बायकांमध्ये जातीची दरी जास्त! गुणाकाराने अपेक्षित आकडा 40 गुणिले 0.75 गुणिले 0.40, म्हणजे 12 येतो आणि प्रत्यक्षात 8 आहेत. या हिशेबात दलित बाईचा तोटा अपेक्षेहून बराच मोठा आहे.

चारच आकडे आहेत, त्यांत काहीही बदललेले नाही, आणि निष्कर्ष एकमेकांच्या विरुद्ध आहेत. दोन्ही खरे आहेत, कारण ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. किती माणसांच्या हातची नोकरी जाते, हे धोरणाला हवे असते, आणि त्याला वजाबाकीची पट्टी लागते. एका बाईला दुसरीच्या तुलनेत संधी किती पट कमी, हे भागाकार सांगतो. लॉजिस्टिक रिग्रेशन तिसऱ्याच पट्टीवर, म्हणजे ऑड्सवर (नोकरी असलेले भागिले नसलेले) चालते. वरच्या आकड्यांत पुरुषांमधले जातीचे ऑड्स गुणोत्तर 0.64 आणि बायकांमधले 0.46 येते, म्हणून इंटरॅक्शनचा, म्हणजे जात आणि लिंग यांच्या मिलाफाच्या पदाचा, सहगुणक ऋण निघेल. तो पाहून ‘बायकांमध्ये जातीची दरी जास्त’ असे लिहिले आणि अंकांमधली दरी पाहिलीच नाही, तर अर्धेच सांगितले.

म्हणून नियम करा की प्रबंधात दोन्ही पट्ट्यांवरचे आकडे द्यायचे, आणि निष्कर्षाच्या वाक्यात पट्टीचे नाव लिहायचे.

मॉडेल

पहिले मॉडेल मुख्य परिणामांचे: जात, लिंग, गाव-शहर, सोबत वय आणि वयाचा वर्ग (वय गुणिले वय). दुसरे त्याच घटकांच्या इंटरॅक्शनसह. दुसऱ्या मॉडेलमधला ‘स्त्री’चा सहगुणक सगळ्या बायकांचा नसतो. संदर्भ गटातल्या, म्हणजे समजा शहरी हिंदू-इतर बाईचा असतो. अनेक प्रबंधांत तो ‘स्त्रियांचा परिणाम’ म्हणून छापला जातो, ते चूक आहे.

सहगुणकांचा तक्ता परिशिष्टात टाका. मुख्य मजकुरात मॉडेलवरून काढलेली संभाव्यता द्या, 24 कप्प्यांची, विश्वासांतरासह. स्टाटामध्ये मार्जिन्स, आरमध्ये मार्जिनल-इफेक्ट्स पॅकेज हे काम करते. मग बायकांमधली दरी वजा पुरुषांमधली दरी, हा एकच आकडा त्याच्या विश्वासांतरासह काढा. तुमच्या प्रश्नाचे उत्तर या आकड्यात आहे. एका कप्प्यात तारांकन (निकाल लक्षणीय असल्याची खूण) आहे आणि दुसऱ्यात नाही, यावरून दोघांत फरक आहे असे ठरत नाही. फरकाचीच चाचणी करावी लागते.

शून्य परिकल्पनेबद्दल एवढेच की ती ‘स्वीकारली’ असे लिहू नका. ‘नाकारता आली नाही’ असे लिहा. लहान नमुन्यात इंटरॅक्शन सहसा सापडतच नाही, आणि ‘जात व लिंग यांचा एकत्रित परिणाम नाही’ असे वाक्य अशा लहान नमुन्यावर बेतलेले असेल तर ते त्या बायकांवर अन्याय करणारे आहे.

शिक्षण ‘कंट्रोल’ करायचे का?

गाईड हमखास म्हणतात, ‘शिक्षण टाका मॉडेलमध्ये.’ टाका, पण त्याने प्रश्न बदलतो हे ओळखून टाका. दलित मुलीची शाळा सातवीत सुटली, ती जात आणि मुलगी असणे या दोन्हींमुळेच सुटलेली असू शकते. शिक्षण हा विषमतेचाच एक रस्ता आहे. तो मॉडेलमध्ये घेतला की त्या रस्त्याने आलेला तोटा आकड्यातून निघून जातो आणि दरी लहान दिसते.

दोन्ही आकडे द्या. शिक्षणाशिवायच्या मॉडेलमधून एकूण दरी कळते. शिक्षणासह केलेल्या मॉडेलमधून समान शिक्षण असूनही उरणारी दरी कळते. दुसऱ्या आकड्यावरून ‘जातीचा परिणाम फारसा नाही’ असे लिहिणे चूक आहे. किती दरी शिक्षणातून येते आणि किती उरते हे वेगळे काढायला ओहाका-ब्लाइंडर विघटन आहे. ही पद्धत दोघांनी स्वतंत्रपणे 1973 मध्ये मांडली. पण तिथला ‘न उलगडलेला’ भाग म्हणजे थेट भेदभाव, असे समजू नका. न मोजलेल्या साऱ्या गोष्टी त्यात जमा होतात.

नोकरीऐवजी पगार मोजत असाल तर आणखी जपा. पगार फक्त नोकरी असलेल्यांचाच कळतो. आपल्या काल्पनिक आकड्यांत शंभरातल्या आठच दलित बायकांना नोकरी आहे. त्या आठ जणी उरलेल्या ब्याण्णव जणींसारख्या नसणार. त्यांचा पगार पुरुषांच्या जवळपास दिसला म्हणून दरी नाही, असा निष्कर्ष निघत नाही. नोकरी मिळण्याचा टप्पा आणि पगाराचा टप्पा वेगळे मांडा.

कप्पे पुष्कळ असतील तेव्हा

सगळे इंटरॅक्शन एका मॉडेलमध्ये कोंबले की सहगुणक वाचता येत नाहीत, आणि वीस चाचण्यांमागे एखादी केवळ योगायोगाने लागते. अशा वेळी बहुस्तरीय मॉडेल उपयोगी पडते. क्लेअर इव्हान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, तसेच हुआन मेर्लो यांनी 2018 मध्ये सार्वजनिक आरोग्याच्या संशोधनात ही पद्धत मांडली. आपण एरवी विद्यार्थी शाळेत बसवतो, तशी इथे माणसे कप्प्यांत बसवायची. पहिल्या पातळीवर व्यक्ती, दुसऱ्या पातळीवर 24 कप्पे.

आधी रिकामे मॉडेल चालवा, कुठलाही घटक न घेता. समजा कप्प्यांमधले विचलन (व्हेरिअन्स) 0.80 आले. लॉजिस्टिक मॉडेलमध्ये व्यक्तीपातळीचे विचलन 3.29 धरतात. 0.80 भागिले 4.09 म्हणजे साधारण 20 टक्के. नोकरी मिळण्या-न मिळण्यातल्या एकूण फरकापैकी एवढा भाग कोण कुठल्या कप्प्यात आहे याच्याशी जोडलेला आहे. मग जात, लिंग, गाव-शहर हे मुख्य परिणाम घाला. विचलन 0.08 वर आले तर कप्प्यांमधला 90 टक्के फरक या तिघांच्या बेरजेतून कळला, 10 टक्के मिलाफाचा म्हणून उरला.

हे 10 टक्के पाहून ‘आंतरछेदी विषमता जवळपास नाहीच’ असे लिहिणारे पेपर आहेत. ते वाचन घाईचे आहे. ही बेरीज ऑड्सच्या लॉगरिदमवर झालेली असते, म्हणून मोजपट्टीचा वरचा सगळा विचार इथेही लागू होतो. शिवाय बेरजेनेच कप्प्यांत प्रचंड दरी पडत असेल तर सगळ्यात खालच्या कप्प्यातल्या बाईची परिस्थिती त्यामुळे हलकी होत नाही. या पद्धतीचा फायदा दुसरीकडे आहे: लहान कप्प्यांचे टोकाचे अंदाज ती आवरून धरते, त्यामुळे 40 जणींच्या कप्प्यावरून भलता निष्कर्ष निघत नाही. नमुन्याचे वेट या मॉडेलमध्ये नीट बसवणे किचकट असते. सुरुवातीला वेट न लावता चालवा आणि निकाल पहिल्या, वेट लावलेल्या तक्त्याशी ताडून पाहा.

स्वतःचे सर्वेक्षण करत असाल तर

आपल्या विद्यापीठांत 384 हा आकडा मंत्रासारखा वापरला जातो. तो येतो कुठून? एकाच प्रमाणाचा अंदाज, 5 अंकांची त्रुटी, 95 टक्के विश्वास, यासाठीचे ते सूत्र आहे. तुमचा प्रश्न एका प्रमाणाचा नाही. 384 माणसे 16 कप्प्यांत वाटली तर प्रत्येकी 24 येतात आणि प्रत्येक आकड्याची त्रुटी 20 अंकांवर जाते. मुख्य परिणाम शोधायला जेवढा नमुना लागतो, त्याच आकाराचा इंटरॅक्शन शोधायला साधारण चौपट लागतो. एवढे परवडत नसेल तर कप्पे कमी करा. दोन जाती-गट आणि दोन लिंगे, चारच कप्पे, प्रत्येकी दीडशे माणसे, हा अभ्यास सोळा कप्प्यांच्या पोकळ तक्त्यापेक्षा कितीतरी भरीव होईल. लहान समाजांतून मुद्दाम जास्त माणसे घ्या आणि मग वेट लावा. ओळखीच्या साखळीतून माणसे गोळा केली असतील तर पी-व्हॅल्यू छापून राज्याबद्दल बोलू नका.

जात विचारायला संकोच वाटतो म्हणून आडनावावरून ठरवणारे संशोधक आहेत. महाराष्ट्रात पवार, जाधव, गायकवाड ही आडनावे कितीतरी जातींत आहेत. सरळ विचारा, पण विश्वास जमल्यावर, मुलाखतीच्या शेवटाकडे, चारचौघांत न विचारता. आधी माणसाने स्वतःच्या शब्दांत सांगितलेले जसेच्या तसे लिहा आणि प्रवर्ग नंतर वेगळ्या रकान्यात भरा. उत्तर द्यायचे नसेल तर तोही पर्याय ठेवा.

आणि बाईचे काम बाईलाच विचारा. मोठ्या सर्वेक्षणांतही घरातल्या एकाच माणसाने सगळ्यांची माहिती देण्याची पद्धत आहे. ‘ती काही करत नाही, घरीच असते,’ असे उत्तर ओट्यावर बसलेल्या सासऱ्याकडून मिळते आणि ती गोठ्यात असते. ‘काम करता का?’ या एका प्रश्नावर थांबू नका. काल सकाळी उठल्यापासून काय काय केले, शेण कोणी काढले, दूध डेअरीला कोणी घातले, पैसे कोणाच्या खात्यात जमा झाले, असे विचारत जा. पीएलएफएसमधल्या 92 आणि 93 कोडच्या बायकांकडेही याच नजरेने पाहा. शेतीत किंवा गोठ्यात राबणारी बाई त्या कोडखाली गेलेली असू शकते.

लिहिताना

‘जातीचा परिणाम’, ‘स्त्री असण्याचा परिणाम’ असे लिहिले की कारण त्या माणसात असल्यासारखे वाटते. ‘जातीमुळे मिळणाऱ्या वागणुकीचा’, ‘नोकरभरतीतल्या ओळखीपाळखीचा’ असे जिथे म्हणायचे आहे तिथे तसे म्हणा, आणि डेटात ते मोजलेले नसेल तर हे आपले स्पष्टीकरण आहे असे सांगा. सर्वेक्षणाचा डेटा एका वेळचा असतो. त्यावरून सहसंबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. ते कारण शोधायला प्रत्येक टोकाच्या कप्प्यातल्या पाच-सात जणींच्या सविस्तर मुलाखती घेतल्या तर आकड्यांना अर्थ येतो. कोणाशी बोलायचे हे ठरवायला पहिला तक्ताच कामी येतो.

संदर्भ गट कोणता घेतला आणि का, तेही लिहा. सवर्ण शहरी पुरुष हाच माप आणि बाकी सगळे त्याहून कमी, अशी मांडणी सवयीने होते. सगळ्या 24 कप्प्यांची संभाव्यता एका आलेखात मांडली तर कुणालाच माप धरावे लागत नाही. आलेखात कप्पे खालून वर चढत्या क्रमाने लावा, बाजूला विश्वासांतराच्या रेघा आणि प्रत्यक्ष माणसांची संख्या.

गावाच्या सर्वेक्षणात एखाद्या कप्प्यात दोन-तीनच माणसे असतील तर तालुका, वय, जात आणि नोकरी एकत्र छापू नका. ‘गावातली पदवीधर मातंग अंगणवाडी सेविका’ असे लिहिल्यावर नाव लपवून काही उपयोग नसतो. अशा ठिकाणी वयोगट रुंद करा किंवा गावाऐवजी जिल्हा लिहा.

प्रबंधासोबत सॉफ्टवेअरची पूर्ण आदेश-फाइल जोडा. कच्ची फाइल उघडण्यापासून शेवटच्या आलेखापर्यंत. त्यात गट कसे पाडले, वेट कसे काढले आणि कुठल्या ओळी का वगळल्या, हे प्रत्येक ओळीशेजारी मराठीत लिहून ठेवा. बाह्य परीक्षकाने व्हायवात विचारले की बौद्ध वेगळे काढले नसते तर काय झाले असते, तर ती फाइल तिथल्या तिथे चालवून उत्तर देता आले पाहिजे.